लाभलेली दोन सीटची गाडी

"सर्व संबंधितांना, तसंच ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा शेजाऱ्यांना कळवण्यात येते की, या घरातल्या लाल गाडीचा पाहण्याचा कार्यक्रम येत्या रविवारी सकाळी दहा वाजता ठरला आहे. पाहुणे पुण्याहून येत आहेत. पोहे घरच्या मंडळींनी करावेत. गाडीच्या वयाबद्दल पाहुण्यांसमोर कोणीही खरं बोलू नये."

हे निवेदन मी जेवता जेवता उठून, उष्टा हात हवेत धरून केलं. दादा म्हणाला, "आधी आमटी संपव." आईनं कानातलं यंत्र काढून ठेवलं. वहिनी, म्हणजे दादाची बायको, पोळी लाटता लाटता थांबल्या. पोळी अर्धी लाटून थांबलेल्या वहिनी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या.

ही गाडी म्हणजे आमच्या घरातलं सगळ्यात बिनकामाचं आणि सगळ्यात लाडकं माणूस. दोनच सीट, कापडी छत, अंग पत्र्याचं नाही तर फायबरचं. आपल्याच देशात एका लहानशा कारखान्यात अशा थोड्या गाड्या बनल्या आणि मग बनायच्या थांबल्या. वजन इतकं कमी की एकदा कॉलनीत लग्नाचा मांडव घालताना मांडववाल्याच्या सहा माणसांनी तिची मागची बाजू उचलून तिला सरकवून ठेवलं, मला हाकसुद्धा मारली नाही. उंची माझ्या कमरेला. आमच्या गावातल्या द्वारका चौकात सिग्नलला उभं राहिलो की शेजारच्या ट्रकचं चाक डोळ्यासमोर यायचं. एकदा वरून ड्रायव्हरनं विचारलं, "काका, खाली काय पडलंय?"

ती घेतली तेव्हा आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. द्वारका चौकामागच्या कॉलनीत आमचं घर, घरात नऊ माणसं, आणि आमची मोठी गाडी ही सार्वजनिक मालमत्ता. आम्ही दोघं सिन्नरला निघालो की मी किल्ली शोधेपर्यंत मागच्या सीटवर एक आत्या आणि तिच्या दोन मैत्रिणी बसलेल्या असायच्या. "जाताच आहात तर" हे आमच्या घराचं घोषवाक्य होतं. तेव्हा मी शोरूममध्ये ही गाडी पाहिली, आत वाकून मागची सीट शोधली, ती नव्हती, आणि तिथेच माझं ठरलं.

वडिलांनी गाडीला एक फेरी मारली. "बाकीचे कुठं बसणार?"

"नाही बसणार," मी म्हणालो.

वडिलांनी कापडी छतावर हात फिरवून पाहिला. मग म्हणाले, "वर कॅरियर बसवता येईल का?"

माझे सासरे विंचूरकडचे, कांदा पिकवणारे. त्यांनी डिकी उघडली, आत हात घालून खोली मोजली आणि विचारलं, "कांद्याची एक गोणी तरी बसंल का, जावईबापू?"

"नाही बसणार, आबा."

"मंग हिचा उपेग काय?"

उपयोग मला आणि बायकोला ठाऊक होता. नऊ माणसांच्या घरात नवरा-बायकोला मनासारखं भांडायलासुद्धा जागा नसते. आम्हाला ती मिळाली. गाडी बाहेर काढायचीही गरज नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून शेड आहे, तिथे ती उभी असायची. जेवणं झाली की आम्ही "जरा गाडी पुसून येतो" म्हणायचो, आत बसायचो, काचा वर करायचो आणि मग मनातलं सगळं बोलायचो. खिडकीत वहिनी मेथी निवडत बसलेल्या असायच्या. आम्ही त्यांच्याकडे बघून हात हलवायचो, त्याही हलवायच्या.

आणि हळूहळू आमच्या लक्षात आलं की गाडी लाभते.

आधी छोट्या गोष्टी. बायको गाडीत म्हणाली, "सकाळच्या चहात आलं फार असतं, माझं पोट जळतं. पण वहिनींना सांगायचं कसं?" चौथ्या दिवशी चहातलं आलं गेलं. मग एकदा ती रडली. तिला शाळेत नोकरी करायची होती आणि घरात विषय काढायची भीती वाटत होती. आठवडाभरात आई भाजी वाढता वाढता आपण होऊन म्हणाली, "धाकटीनं एवढं शिकून घरात काय बसायचं? नोकरी बघावी तिनं." बायकोचा घास हातातच राहिला. रात्री तिनं बॉनेटला हळदकुंकू लावलं.

सगळ्यात मोठी गोष्ट पुढची. मुलगी मोठी होत होती, माडीवरची आमची खोली पुरेना, आणि आम्ही वेगळं राहायचं ठरवलं. सिन्नर रस्त्याला एक फ्लॅटही बघितला. गाडीत बसून ठरवलं आणि मग कोण जास्त रडतंय याची चढाओढ लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी माडीवर घणाचे आवाज. वर जाऊन पाहतो तर दादा आणि एक गवंडी आमच्या आणि त्याच्या खोलीमधली भिंत पाडत होते.

"हे काय चाललंय?"

"तुमची खोली मोठी करतोय," दादा म्हणाला. "भिंत माझ्या बाजूला सरकवायची. मला एवढी जागा कशाला? बाजूला हो, धूळ बसेल."

फ्लॅटचा विषय पुन्हा निघाला नाही. मी दर दसऱ्याला मोठ्या गाडीला एक हार घालतो, हिला दोन.

मग विकायची कशाला? गुडघ्यांमुळे. या गाडीत शिरणं हा एकांकिकेचा मामला आहे, बाहेर येणं हे तीन अंकी नाटक. पहिल्या अंकात मी दार उघडतो, दुसऱ्यात एक पाय बाहेर येतो आणि मी देवाचं नाव घेतो, तिसऱ्यात बायको मला ओढते. तिचीही कंबर आता कुरकुरते. चालवून तर कित्येक महिने झाले होते. नुसती बोलायला बसायची खोली म्हणून गाडी किती दिवस ठेवायची, असा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारला. अर्थात गाडीतच.

रविवारी पाहुणे आले. तिशीतला तरुण, पोह्यांकडे न बघता सरळ शेडमध्ये गेला. गाडीखाली आडवा झाला, फायबरवर बोटानं टकटक करून कान लावला, स्टिअरिंगला लहान बाळासारखा हात लावला.

"काका, हिचं वजनच हिची जादू आहे," तो म्हणाला. "इंजिन साधंच आहे, पण ओढायला काही नाही म्हणून उडते. आणि सगळं मूळचं आहे. लोक नंतर जाड छत बसवतात. तुमचं कापड पहिलंच आहे, बघा, किती पातळ. यालाच पैसे आहेत."

"आणि लाभते," मी म्हणालो. "आत बसून मागाल ते मिळतं. अनुभव आहे."

खिडकीतून वहिनींना ठसका लागल्याचं ऐकू आलं.

त्यानं किंमत सांगितली. नवी घेतली होती त्याच्या दुप्पट. दादानं भुवया वर केल्या त्या खाली आणायला विसरला. ज्या गाडीला वडील आयुष्यभर "साबणाची डबी" म्हणाले, तिला ही किंमत!

"पाच मिनिटं," मी म्हणालो. आम्ही दोघं गाडीत शिरलो, काचा वर केल्या.

"द्यायची?" बायकोनं विचारलं.

"तू सांग."

"तुमचे गुडघे काय म्हणतात?"

"गुडघे म्हणतात, दे."

ती पुढच्या काचेतून बघत राहिली. "मग आपण बोलायचं कुठं हो?"

"एवढं मोठं घर आहे."

"घरात मला तुमच्याशी खरं बोलताच येत नाही. सवयच नाही. घरात मी नुसतं 'मीठ वाढू का' विचारते."

एरवी मी आमटीवरसुद्धा भाषण केलं असतं. मी तिचा हात धरला. शेवटी तीच म्हणाली, "द्या. हा पोरगा हिच्यावर माया करेल. आपलं मागून झालंय, आता दुसऱ्या कोणाला लाभू दे."

"दिली," मी म्हणालो आणि स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला.

मग तीन अंकी नाटक झालं. बायकोनं ओढलं, मी उभा राहिलो, शर्ट खाली खेचला, घसा साफ केला. पाहुणा, दादा, आई, सगळे ओट्यावरून बघत होते. "तर मंडळी," मी सुरुवात केली, "उभयतांच्या दीर्घ विचारविनिमयानंतर..."

पुढचा शब्द तोंडातून निघायच्या आत स्वयंपाकघराच्या खिडकीतून मेथीची जुडी हातात धरून वहिनी ओरडल्या:

"देऊ नका हो भाऊजी! गाडी गेली तर तुम्हा दोघांच्या मनातलं आम्हाला कळायचं कसं?"