न खोकणारं मशीन

कोणती वस्तू किती दिवस टिकेल हे सांगण्याचा बाबांना भारी नाद. पंखा असो, सायकल असो, नाहीतर शेजारचा म्हातारा असो. हे ज्योतिष ते गिरणीच्या फाटकावर शिकले होते. कायम होण्याआधी बरीच वर्षं ते तिथे बदली होते. बदली कामगार म्हणजे ज्याची स्वतःची जागा नाही असा माणूस. सकाळी भोंग्याआधी फाटकाशी रांगेत उभं राहायचं. आतला कोणी कामावर आला नसेल तर जॉबर, म्हणजे मुकादम, ज्याच्याकडे बोट दाखवील त्याने त्या दिवसापुरतं त्या मागावर जायचं, उरलेल्यांनी आल्या पावली घरी. रांगेत उभे असताना बाबा आत जाणाऱ्यांकडे बघत आणि कोण खोकतो ते लक्षात ठेवत. खोकणाऱ्याची जागा आज ना उद्या रिकामी होणार. धडधाकट माणसाच्या जागेवर डोळा ठेवण्यात अर्थ नाही, असं ते आम्हाला जेवताना सांगत.

दादाला गिरणीचा तिटकारा होता. ऐंशी साल उलटून चारेक वर्षं झाली असतील, तेव्हा त्याने प्रताप नगरात एक खोली भाड्याने घेऊन व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं. एक टीव्ही आणि त्याला जोडलेली, मुंबईहून आलेली खेळांची काळी पेटी, एवढंच भांडवल. पण शाळा सुटली की दारात चपलांचा ढीग पडे. साहेबलोकांची पोरं नंबर लावून बसत आणि हरली की दादाशीच भांडत. दादा हसत असे. कॉलेजातून येताना मी तिथे टेकायची. त्याला इतका खूश मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतर तर नाहीच.

आणि नेमकी तेव्हाच बाबांची निवृत्ती आली. गिरणीत रीत अशी की बापाने जागा सोडताना पोराचं नाव द्यायचं, पोरगा थेट कायम. दिवाळीच्या आत नाव द्यायचं होतं. दादाला दुकान सोडायचं नव्हतं, पण सीताबर्डीच्या ज्या दुकानदाराकडून पेटी घेतली त्याने त्याच्या मनात किडा सोडला होता. बाहेर देशात म्हणे हिच्या पुढची पेटी निघाली आहे, इकडे कधी येते सांगता येत नाही. आता सगळं एकाच गोष्टीवर येऊन ठेपलं. ही पेटी अजून बरीच वर्षं चालणार असेल तर दुकान, नाहीतर गिरणी.

दादाने बाबांना विचारलं. दुसरं कोणाला विचारणार? बाबा एका रविवारी दुकानात आले आणि दिवसभर पेटीवर तळहात ठेवून बसले. पोरं खेळत होती, बाबा पडद्याकडे बघतही नव्हते. पेटी तापते का, अडखळते का, आवाज बदलतो का, एवढंच त्यांचं चाललं होतं. संध्याकाळी त्यांनी निकाल दिला.

"हे खोकून नाही राहिलं गा. चांगल्या चालत्याची बदली कोणी काहून आणील? तू गिरणीत नको येऊ."

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी आपल्या जागी गल्लीतल्याच, गिरणीतल्या एका जोडीदाराच्या मुलाचं नाव दिलं, आपला पुतण्या सांगून. त्याच्या घरून आमच्याकडे पेढे आले.

आता वाटतं, बाबांचं काय चुकलं? आमच्या घरात कोणतीही वस्तू मरेपर्यंत टाकली जात नसे. एखादी गोष्ट ऐन भरात असतानाच तिची बदली मागच्या दाराशी तयार ठेवणारी माणसं जगात असतात, हे आम्हाला कोण सांगणार? त्यांना खोकल्याची वाट बघावी लागत नाही. मला त्या माणसांचा आजही राग येतो, आणि राग करून काही उपयोग नाही याचा जास्त येतो.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत समोरच्याच रस्त्यावर नवी पेटी आली. रंग जास्त, खेळ जास्त, गाणंही वाजायचं. आमची पोरं तिकडे गेली. काही दिवस तिथे नंबर लागला नाही की एखादा वैतागून आमच्याकडे येई, मग तेही थांबलं. दादा रोज दुकान उघडून पेटी पुसत बसे. बाबा परत एकदा आले, हात ठेवला आणि म्हणाले, हिच्यात काही खोट नाही. खरंच नव्हती. मला ती उचलून फरशीवर आपटावीशी वाटली. मोडली असती तर निदान एक कारण तरी मिळालं असतं.

पावसाळ्यात दुकान बंद झालं आणि दादा गिरणीच्या फाटकाशी जाऊ लागला, बदलीच्या रांगेत. एकदा मी बसमधून त्याला पाहिलं. जॉबरला आपण दिसावं म्हणून तो इतरांसारखाच टाचा उंचावून उभा होता. त्यानेही मला पाहिलं आणि मान वळवली.

बदलीवाला डबा घेऊन निघत नाही, काम मिळणारच असं धरून चालणं अपशकुनी. त्यामुळे भोंगा होऊन बराच वेळ झाला तरी दादा परतला नाही की आई समजायची, काम मिळालं. मग ती गुणगुणत कणीक भिजवायची, आणि डबा पोचवायची मी. कोणाच्या तरी घरी माणूस अंथरुणाला खिळला होता, म्हणून आमच्याकडे आनंद होता.

एका सकाळी दादा असाच परतला नाही. आईने पोळ्या केल्या, बाबांनी पोटभर खाल्लं. तेवढ्यात शेजारीण सांगून गेली की ज्याला बाबांची जागा मिळाली होती तो मुलगा रात्रीपासून तापाने फणफणला आहे. बाबा हात धुवायला उठले ते मोरीतच उभे राहिले. आईने डब्याचं झाकण दाबून लावलं, माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "त्या पोराच्या दारावरून नको जाऊ वं. मागच्या गल्लीनं जा."