वाटी रिती होईपर्यंत

मूठभर खुणांची एक संगणकभाषा आहे. तिच्यात शब्दच नाहीत. अधिक, वजा, कंस, टिंब असली चिन्हं, संपलं. कुणीतरी गंमत म्हणून मुद्दाम अवघड केलेली. बेळगावात दिवसभर कंपनीचं काम उरकून मी घरी तिची मराठी मार्गदर्शिका लिहायला बसायचे. वाचणारे दुसऱ्या पानावरच पळून जायचे आणि मी त्यांना आळशी म्हणायचे. शेवटी ठरवलं, गुंजी गावातल्या आक्काला कळली तर ठेवायची, नाहीतर सगळी पुसून टाकायची.

आक्का माझी थोरली बहीण. भातशेती सांभाळते. आठवीत शाळा सुटल्यापासून कागद पुढे आला की म्हणते, "ह्ये माझ्या डोक्यातलं न्हाय." माझ्या पानांमुळे तिला ते पुन्हा एकदा खरं वाटेल, याचीच मला धास्ती होती.

पहिला धडा बेरजेचा. आकडे ठेवायच्या पहिल्या घरातून एक काढा, दुसऱ्यात एक टाका, पहिलं शून्य होईपर्यंत हेच करा. खाली त्याचीच खुणांची ओळ. आक्कानं दोन वाट्या मांडल्या. एकीत पाच चिंचोके, दुसरीत तीन. एकेक उचलून टाकत गेली आणि पहिलीत एकच उरल्यावर थांबली.

"झालं."

"आगं, अजून एक हाय की."

"ऱ्हाऊ दे. भांडं रितं करायचं न्हाय."

तांदळाच्या डब्यात ती नेहमी चार दाणे ठेवते. आमच्याकडे सगळ्याच ठेवतात. पण म्हणून इथेही? माझं डोकं तापलं. "आगं, एक उरला तर यंत्र थांबायचंच न्हाय! रितं झालं की मगच त्येला कळतंय, काम झालं म्हणून."

आक्कानं पान घेऊन बोट ठेवत पुन्हा वाचलं. "ह्ये कुठं लिवलंयस?"

कुठेच नव्हतं. मला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की लिहायचं सुचलंच नव्हतं. पळून गेलेल्यांना आळशी म्हटल्याची लाज वाटली. मी तिथल्या तिथे पेनानं वाक्य वाढवलं. आक्कानं ते वाचलं, शेवटचा चिंचोका जरा वेळ हातात धरला आणि दुसऱ्या वाटीत टाकला. आठ.

मग ती पान उलटंसुलटं करत बसली. कंटाळली असणार, असं वाटून मी चहा ठेवायला आत गेले.

कप घेऊन बाहेर आले, तर शेजारीण येऊन बसली होती. पानाच्या पाठीवर आक्कानं खुणांची एक ओळ लिहिली होती. काढायचा एक, टाकायचे दोन. दुप्पट! माझ्या पानांत ती कुठेच नव्हती. मी ओळ दोनदा तपासली. बरोबर होती. मला इतका आनंद झाला की कप खाली ठेवायचंही सुचेना.

"मला न्हाय बाई ह्ये जमायचं," शेजारीण मागे सरकत म्हणाली.

"न जमायला काय झालं? बस हितं," आक्का म्हणाली. "शेवटचा काढलास की त्ये थांबतंय, येवढं ध्यानात ठेव." मग माझ्याकडे वळून, "आणि तू मधी बोलू नगंस."