टाकून दिलेले दोन राजे
कापसाच्या जिनिंग मिलकडून सरकीचा तेलकट वास आला, की मला सिंदीतल्या आमच्या गच्चीवरची ती दुपार आठवते. मोबाईलवर पोकरची मोठी स्पर्धा चालू होती. शेकडो टेबलांवर सुरू झालेला खेळ आता दोन टेबलांवर आला होता, आणि आणखी एक जण बाद झाला, की उरलेल्या सगळ्यांना गोव्यातल्या अंतिम फेरीत जागा मिळणार होती. नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळ येई, म्हणून मी तिथेच उकिडवा बसलो होतो आणि बायको ओढणीनं फोनवर सावली धरून उभी होती. तेवढ्यात मला दोन राजे आले, आणि माझ्याहून कितीतरी जास्त चिप्स असलेल्या एकानं सगळ्या चिप्स डावावर लावल्या; भिडून हरलो असतो, तर मीच बाद. वेळ संपता संपता मी पानं टाकून दिली. “काऊन टाकले जी? दोन-दोन राजे होते नं?” तिनं विचारलं. “आता जिंकाचं नाई, टिकाचं हाय,” मी म्हणालो, पण माझा आवाज मलाच खरा वाटेना. समोरच्यानं मुद्दाम पानं उघडी केली. सत्ती आणि दुर्री, अगदीच फालतू पानं. फोनवरची सावली जराशी हलली. पुढचे डाव मी न बघताच टाकत गेलो. मग दुसऱ्या टेबलावर कोणीतरी पडलं आणि पडद्यावर माझी जागा पक्की झाल्याचं आलं. “आता तरी श्वास घ्या,” ती म्हणाली. गोव्यात मी लवकरच हरलो, तिथला एकही डाव आज धड आठवत नाही. पण हातातलं काही चांगलं सोडायची वेळ आली, की मी अजूनही आधी तिच्या तोंडाकडे बघतो.