पारासमोरची वरात

बाजा थांबला अन् मी नाचतच राहिले. सहावीत होते. दादाचं लगीन लागलं होतं. दादा घोड्यावर, मागं नवी वहिनी, अन् आमच्या बौद्धवाड्याकडं निघालेली वरात मारुतीच्या पारासमोर आलेली. पारावर बसलेल्या पाटलानं नुसतं बोट वर केलं.

"हितून पुढं मुकाट्यानं जायचं. अन् त्याला खाली उतरवा."

बस्स. बँड गप. मला कळलंच न्हाई. गरकन फिरले, हात वर, अन् बघते तर पारावरचे समदे मला हसायलते. मपल्या बापानं पाटलाला हात जोडले. लेकाच्या लग्नात! दादा उतरला. घरापर्यंत नुसता चपलांचा आवाज.

तो बँड गंगाखेडचा. मपला जीव की पराण. लोकायच्या लग्नात मांडवाबाहीर उभी राहून ऐकायची मी त्याला. बँडच्या मास्तरानं क्लॅरनेट तोंडाला लावलं की तहानभूक इसरायची. त्या दिवसानंतर कधी ऐकायला गेले न्हाई. वाटलंच न्हाई जावं.

परवा भाच्याचं लगीन झालं, दादाच्याच लेकाचं. तो म्हणला, "आत्या, डीजे लावू की." मी अडून बसले. परभणीच्या दवाखान्यात नर्स हाय मी, घरात मपला शब्द चालतो. म्हणलं, बँडच पायजे, अन् तोच.

आले. मास्तर लय म्हातारा झालता, गाल बसले, पण दम तोच! वेशीपासून असं वाजवलं की मला रडूच फुटलं. खुशीचं रडू.

मग पार आला. पारावर कुणीच न्हाई. एक कुत्रं झोपलेलं. अन् मास्तरानं आपणहून हात वर केला. बँड गप. दादानं घोड्याचा लगाम धरला, लेकाला म्हणला, "उतर बाळा."

मपल्या अंगाची लाही लाही झाली.

"मास्तर, कोण म्हणलं थांबा?"

"कुणी न्हाई, बाई. हितं थांबायचंच असतंय."

मी नव्या साडीसकट रस्त्यात मांडी घातली, घोड्याच्या म्होरं. दादा दंड ओढायला लागला. "ऊठ गं, चारचौघात इज्जत घालवती का?"

"इज्जत तवाच गेली, दादा. तू उतरलास तवा."

लय लागलं त्याला. लागू दे. समोरच्या दारांत माणसं येऊन उभी ऱ्हायली. भाचा काय उतरला न्हाई. मास्तरानं ओठ पुसले, क्लॅरनेट लावलं. रिकाम्या पाराकडं बघत फुंकलं. सूर फाटला. त्याचा फाटका सूर मी पहिल्यांदा ऐकला, अन् तसाच वाजवत तो पारासमोरून गेला.

बाया म्हणल्या, झालं ना आता तुझ्या मनासारखं? कशाचं मनासारखं! पाटील मरून कितीक वर्षं झाली, अन् आमी अजून त्याला भिऊन उतरायलो. पुढल्या महिन्यात शेजारच्या पोराचं लगीन हाय. वरात हितूनच जाणार, वाजत जाणार. बँड भ्याला तर आमी बाया ताटं बडवू. पण गप जाणार न्हाई.