रद्दीतली ओळ

पेशवाईतल्या पुण्यात, कसब्यामागे नदीकाठी आमच्या घरी कागद बनायचा. त्याच्या लगद्यासाठी सरकारी दफ्तरातली रद्दी यायची. ती आणणाऱ्या म्हाताऱ्या कारकुनाला मी म्हटलं, मला वाचायला शिकवा. तो म्हणाला, “बाई, तुम्ही कागद करा, वाचायचं आम्ही बघतो.” मी हट्टाला पेटले. रोज एक अक्षर दाखवल्याशिवाय त्याला उंबऱ्यावरून हलू दिलं नाही. दोन वर्षं रद्दीतली एक तरी ओळ बोटाने गिरवूनच ती भिजत घातली. अखेर एक वाक्य न अडखळता वाचलं: ‘नदीकाठचा कागद वाईट, शाई फुटते.’ अक्षर त्याचंच होतं. त्या दिवसापासून मी कागद दगडाने दुप्पट घोटून गुळगुळीत करू लागले.

आता तो नाही. ओल्या लगद्याच्या वासाने आठवतो. त्याचा तो कागद मी अजून भिजवलेला नाही.