कडं कुणाकडं?

आम्ही नातेपुत्याला गेलो त्याला कारण एक अंडं. सोलापुरात आमच्या शुक्रवार पेठेतल्या ज्या बायका माझ्याकडे हळदीकुंकवाला येतात त्यांनी हे वाक्य वाचलंच नाही असं समजावं, कारण आमच्या घरात हा शब्द उच्चारत नाहीत. यांच्या न्यूमोनियानंतर डॉक्टरांनी रोज सकाळी दुधात एक अंडं फेटून घ्यायला सांगितलं, तेव्हापासून त्या वस्तूला आम्ही 'पांढरं औषध' म्हणतो. ते मागच्या दारानं येतं, परसातल्या मडक्यात राहतं, आणि मी ते फोडते तेव्हा सासूबाई तुळशीकडे तोंड करून बसतात.

हे औषध पुरवते हमीदाबी. डोक्यावर टोपली घेऊन ती गल्लोगल्ली फिरते, आणि तिची-माझी घासाघीस ऐकायला शेजारणी मुद्दाम परसात धुणं काढतात. पौष सरता सरता ती एके सकाळी रिकामी टोपली घेऊन दारात उभी राहिली.

"माल हैच नै, वैनी. नातेपुत्याकडच्या बायका बिघडल्या म्हणतेत. अंडे देतच नै किसीको."

"देत नाहीत म्हणजे? मग करतात काय अंड्यांचं?"

"खुदा जाने," असं म्हणून ती गेली. माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना. दूध नासतं, भाजी सुकते, अंडं काय वर्षभर टिकतं? विकत नाहीत तर ठेवतात कुठं? नातेपुत्याला माझी बालमैत्रीण शांता दिली आहे. तिचे यजमान तिथल्या शाळेत मास्तर आहेत आणि ती कितीतरी वर्षं 'ये ये' म्हणत होती. डॉक्टर यांना हवापालट करा म्हणतच होते. हे महाबळेश्वर म्हणाले, मी नातेपुतं म्हणाले, आणि आम्ही नातेपुत्याला निघालो.

जाणाऱ्यांसाठी वाट सांगते. सोलापूरहून सकाळच्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथं छोट्या गाडीत बसून पंढरपूर. गाडी बदलताना हमालामागे धावू नका, छोट्या गाडीला तुमच्याइतकी घाई नसते. एका वळणावर आमच्या डब्यातला एक गृहस्थ खाली उतरला, रानातून हरभऱ्याचे डहाळे उपटून परत चढला आणि सगळ्यांना वाटत बसला. पंढरपुरात धर्मशाळेत मुक्काम करावा, पांघरूण आपलं न्यावं. सकाळी सर्व्हिस मोटार मिळते. ती वेळेवर सुटत नाही, भरली की सुटते. ड्रायव्हरशेजारच्या जागेला चार आणे जास्त पडतात, पण धूळ कमी लागते. मी ते यांच्या खोकल्याच्या नावावर घातले आणि स्वतः तिथं बसले.

वेळापूरला मोटारीला पाणी पाजतात, तेवढ्यात देऊळ बघून घ्यावं. काळ्या दगडात एकाच देहात अर्धा देव आणि अर्धी देवी आहे. मी बराच वेळ हात जोडून उभी राहिले आणि ड्रायव्हर भोंगा वाजवत राहिला. माळशिरसला चहा बरा मिळतो, भजी शिळी. पुढं मात्र जे दिसलं त्यासाठी हा सगळा रस्ता पुन्हा करायला मी तयार आहे. सोलापूरच्या माणसाला माळ माहीत असतो. पिवळा, दगडांचा, क्षितिजापर्यंत. त्या तसल्या माळातून नव्या कालव्याचं पाणी चाललं होतं, आणि त्याच्या काठानं ऊस उभा होता. दूर शिंगणापूरचा डोंगर निळा दिसत होता आणि वर एवढं मोठं आकाश की गिरणीच्या भोंग्यावर जगणाऱ्या आमच्यासारख्यांना ते आपलं वाटेचना.

शांतानं पहिल्याच सकाळी ओढ्यापलीकडच्या शेतात हुरड्याला नेलं. राखेतून काढलेली कणसं, तळहातावर चोळलेले कोवळे दाणे, लसणाची चटणी. यांनी खाल्लेला हुरडा बघून डॉक्टरांनी आपलं औषध मागे घेतलं असतं. हात धुता धुता मी शांताला अंड्यांचं विचारलं. ती हसली आणि म्हणाली, "चल, तानूबाईकडं नेते. समदं तिनंच केलंय." शांता आता 'समदं' म्हणते, ऐकून मजा वाटली.

तानूबाई धनगराची. उंच, काटक, कपाळभर कुंकू. नवरा मेंढरं घेऊन महिनोन्‌महिने रानोमाळ, घर हिच्या एकटीच्या जिवावर. अंगणात, उकिरड्यावर, ओढ्याच्या काठानं तिच्या कोंबड्या मोकळ्या हिंडत होत्या, वाळवी टिपत, मधूनच एकमेकींवर ओरडत. आत झोपडीत मात्र अंधार होता. डोळे सरावले तेव्हा दिसलं की भिंतीकडेनं ओळीनं पाट्या मांडल्यात, आणि प्रत्येक पाटीत भुशावर एकेक कोंबडी पंख पसरून बसली आहे. एकही हालत नव्हती. आम्ही आत आलो तरी नाही. त्या अंधारात इतकी शांतता होती की मी चपला बाहेर काढून आले.

"ह्या खुडूक कोंबड्या," शांता कुजबुजली. "अंड्यांवर बसल्यात."

"इकत न्हाय आमी," तानूबाई म्हणाली. "बसवतो."

मग बाहेर ओट्यावर तिनं सगळं सांगितलं. अंडी घेऊन सोलापूरला धाडायला बाजारात बाळाशेट म्हणून दलाल येतो. त्याच्याकडं एक पितळी कडं असतं. अंडं कड्यात धरायचं. अडकलं तर पुरतं, आरपार गेलं तर बारीक. बारीक दोन मिळून पुरत्या एकाचा भाव. इतकी वर्षं हे चाललं, कुणाची तक्रार नव्हती. दिवाळीनंतर काय झालं कोण जाणे, सगळ्यांचीच अंडी कड्यातून खाली पडायला लागली.

"कोंबडी तीच, दाणा तोच, अंडं तेच की! मग यंदाच बारीक कसं झालं?" तानूबाई म्हणाली. "अंडं बारीक झालं न्हाय बाई, कडं मोटं झालं."

शेटला विचारलं तर म्हणाला, पटत नसेल तर नेऊ नका, अंडी घरी ठेवा. त्याला ठाऊक होतं की अंडं घरी ठेवून चालत नाही. या बायकांच्या हातात स्वतःचा म्हणून जो पैसा येतो तो एवढाच. धान्याचा पैसा घरधन्याचा, लोकरीचा पैसा घरधन्याचा, अंड्याचा बाईचा. तो गेला तर मुलीच्या पोलक्यालाही नवऱ्यापुढं हात पसरायचा. तानूबाईनं त्या रात्री विचार केला आणि दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन सांगितलं, शेट म्हणतोय तर ठेवू की घरी, कोंबडीखाली ठेवू.

पण खुडूक कोंबड्या सगळ्यांकडं नव्हत्या. म्हणून ज्यांच्याकडं नव्हत्या त्यांनी आपली अंडी हिच्या कोंबड्यांखाली आणून ठेवली. प्रत्येकीची कोळशानं खूण वेगळी. कुणाच्या दोन रेघा, कुणाची फुली, तांबोळ्यांच्या रेहानाची चंद्रकोर. हेही आमच्याबरोबर आले होते, त्यांना राहवलं नाही. "पण पिल्लू बाहेर आल्यावर खूण कुठं राहणार?"

"टरफलं मोजायची की, भाऊ. जितकी टरफलं तितकी पिल्लं." तानूबाई हसली आणि हेही हसले.

मग मात्र ती गंभीर झाली. अंडी बसवून तीन आठवडे होत आले होते, पिल्लं निघायची वेळ झाली होती, आणि बाळाशेट गावभर सांगत सुटला होता की थंडीनं अंडी कुजली, आत घाण झालीय, तानीनं साऱ्यांना बुडवलं. काहीजणी डळमळल्या होत्या. "पिल्लं न्हाय निगाली तर माझं मी सोशीन," ती म्हणाली. "पर ह्या बायांनी माझ्यावर इस्वास टाकला. पुन्ना कुनाच्या दारात जायची सोय ऱ्हानार न्हाय मला." ती बोलत होती आणि तिचा हात सारखा कमरेच्या पानतंबाखूच्या चंचीकडे जात होता, उघडत मात्र नव्हती. मला तिची फार काळजी वाटली. आदल्या दिवशीपर्यंत मी तिला ओळखतही नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाजार. नातेपुत्याचा बाजार बघण्यासारखा आहे. खिलारी खोंड, घोंगड्या, गूळ, केरसुण्या, आणि वांगी इतकी ताजी की देठाचे काटे बोटाला टोचतात. लिंबाखाली बाळाशेट भुशाची खोकी मांडून बसला होता. जाडजूड, हसतमुख, कानाला अत्तराचा फाया. आणि त्याच्यापुढं खाली मान घालून चारपाच बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. शांतानं माझं कोपर दाबलं. या त्याच डळमळलेल्या.

तो एकेक अंडं कड्यात धरत होता. "बारीक. बारीक. बारीक." अंडं कड्यातून त्याच्या दुसऱ्या हातात पडायचं आणि त्या बायकांच्या माना आणखी खाली जायच्या.

तेवढ्यात तानूबाई आली. डोक्यावर पाटी, पाटीवर घोंगडं. ती शेटकडे गेलीच नाही. शेजारच्या हॉटेलवाल्याला म्हणाली, "अण्णा, परातभर पानी द्या, कोंबट." त्यानं दिलं. तिनं त्यात कोपर बुडवून बघितलं, थोडं गार घातलं, पुन्हा बुडवलं. लहान मुलाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसंच. मग घोंगडं बाजूला करून एकेक अंडं अलगद पाण्यात सोडलं. अंडी तरंगायला लागली.

"तरंगतात म्हंजी कुजली!" बाळाशेट बसल्या जागेवरून ओरडला. "नाकाला पदर लावा गं!"

तानूबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही. "पानी ठरू द्या," एवढंच म्हणाली. लोक जमले. पाणी हळूहळू ठरलं, त्यात लिंबाच्या फांद्या दिसायला लागल्या. काही होईना. मी मनातल्या मनात सिद्धेश्वराला हाक मारली, ही हाक अंड्यासाठी आहे हे ओशाळून त्याला सांगितलंसुद्धा.

मग फुलीचं एक अंडं किंचित थरथरलं. मला वाटलं, कुणाचा धक्का लागला. पण परातीला कुणी शिवलं नव्हतं. त्याच्याशेजारचं एकदम डुललं. मग चंद्रकोरीचं. मग इकडचं, तिकडचं, एकेक करत जवळजवळ सगळी अंडी त्या स्थिर पाण्यात आपली आपण डोलायला लागली, थांबायची, पुन्हा हलायची. बंद कवचाच्या आत कुणीतरी कूस बदलत होतं. यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मी दोन मुलांची आई आहे. पण जीव असतो म्हणजे काय, हे मला त्या परातीपाशी कळलं असं म्हटलं तर खोटं होणार नाही. माझे डोळे भरून आले आणि ते मी पुसलेही नाहीत.

तीन अंडी हलली नाहीत. तिन्हींवर दोन रेघा होत्या. दोन रेघांची म्हातारी पुढंच उभी होती. तानूबाई तिला म्हणाली, "मावशे, माज्यातली तीन तुजी." आणि लगेच अंडी पुसून घोंगड्यात गुंडाळायला लागली.

शेटपुढच्या बायकांपैकी एकीनं त्याच्या खोक्यातली आपली अंडी उचलून परत टोपलीत घातली. मग दुसरीनं. बाळाशेटचं हसू गेलं.

"पिल्लं इकून काय मिळनार हाय तुमाला?"

"पिल्लाला कडं लावत न्हाईत," तानूबाई म्हणाली.

लोक मोठ्यानं हसले. शेटनं आवाज खाली आणला. "बरं. जुनं कडं आनतो पुढच्या बाजाराला. मग तर झालं?"

"आना की. पर ते तुमच्या खिशात न्हाय ऱ्हायचं. अण्णाच्या हाटेलात खिळ्याला टांगायचं, साखळीला कुलूप लावून. कडं आमच्याकडं."

शेट उठला. पितळी कडं खिशात घातलं, अर्धी रिकामी खोकी गाडीवर चढवली आणि निघून गेला.

आम्हाला दुसऱ्या दिवशीच परतायचं होतं. निघताना सकाळी निरोप घ्यायला गेले तर तानूबाईनं कोंबडीखाली हात घालून एक अंडं काढलं आणि माझ्या कानाला लावलं. आतून चिवचिव ऐकू आली. अगदी बारीक, पण स्पष्ट. अजून जन्माला न आलेलं कुणी माझ्या कानात बोलत होतं. मी फक्त विचारलं, "कड्याचं काय झालं ते मला सोलापुरात कसं कळणार?"

"कडं आमच्याकडं आलं तर दर टोपलीत एका अंड्यावर वाटोळं काढीन," ती म्हणाली. "दिसलं तर समजा."

परतीचा रस्ता तोच. फक्त या वेळी ड्रायव्हरशेजारी यांना बसवलं.

सोलापुरात आल्यावर हमीदाबीच्या टोपलीत कधी बार्शीकडचा माल यायचा, कधी यायचाच नाही. मी एकेक अंडं उलटसुलट करून बघायची आणि ती वैतागायची. फाल्गुन गेला. पाडव्याची गुढी उतरली. मी मनाची समजूत घालत होते की दलाल शेवटी दलाल, दुसऱ्या गावाहून माल उचलत असेल, तिथं कुठलं कडं आणि कुठलं काय. प्रवासातलं बाकी सगळं पुसट व्हायला लागलं होतं, वेळापूरची मूर्तीसुद्धा. फक्त ते ठरलेलं पाणी आणि त्यातली पहिली थरथर मात्र डोळ्यांपुढून जात नव्हती. यांचा खोकला गेला होता, आता औषधाची गरजही उरली नव्हती. तरी मी घेत राहिले.

परवा हमीदाबी आली. टोपलीत वरचं तिसरं की चौथं अंडं उचललं, आणि त्यावर कोळशानं काढलेलं वाटोळं होतं. जरासं वाकडं, पण पूर्ण मिटलेलं. मी तिथंच पायरीवर बसले.

"नातेपुत्याचा माल हाय," हमीदाबी म्हणाली. "पर भाव चढला, वैनी. पैलेच बोलते." आणि तिनं भाव सांगितला. शेजारच्या परसात धुणं झटकायचं थांबलं.

मी आत गेले, पैसे आणले आणि तिच्या हातावर ठेवले. जेवढे सांगितले तेवढे.

हमीदाबीनं पैशांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि टोपली खाली ठेवून माझ्या कपाळाला हात लावला. "बुखार तो नै ना, वैनी?"