आयतोबांची हकालपट्टी

त्यांना 'झाडूमहाराज' हे नाव ठेवलं धाकट्या बहिणीनं, आणि अगदी चपखल ठेवलं. घरांचे नकाशे काढून पोट भरणारा माणूस, पण कॉम्प्युटरचा स्क्रीन धुतलेल्या पाटीसारखा कोरा. ना चित्र, ना घड्याळ, कोपऱ्यात एकुलता एक फोल्डर. सकाळी मशीन सुरू केलं की पहिलं काम म्हणजे मागे गुपचूप कोणकोणते प्रोग्रॅम चालू आहेत ते बघायचं आणि एकेकाला हाकलायचं. "काम ना धाम, नुसती मेमरी खातात! आयतोबा लेकाचे!"

मुलगी जहाजावर नर्स. भर समुद्रात फोन लागत नाही, म्हणून जाताना तिनं जहाजाच्या नेटवरून बोलायचं एक अ‍ॅप टाकून दिलं होतं. "बाबा, मी हाक मारली की हे वाजेल."

महिने गेले, अ‍ॅप काही वाजेना. मेल यायचा तो दोन ओळींचा. 'मी बरी आहे. तुम्हाला वेळ झाला की बोलू.' वाचून त्यांचा जीव तुटायचा. अहो, वेळ? वेळच वेळ होता! पण माणूस मानी. 'मजेत आहे' एवढंच उलट कळवायचे आणि जेवणाचं ताट घेऊन कॉम्प्युटरपाशी येऊन बसायचे.

एकदा बहीण एक कागद छापायला आली. फोल्डरात भाचीचं ते अ‍ॅप दिसलं म्हणून तिनं उघडलं आणि तसंच ठेवून चहा टाकायला गेली. "कुणी उघडलं हे?" म्हणत महाराज ते बंद करणार, तोच ते वाजलं.

"बाबा! उचललात एकदाचं! रोज करते मी. वाटायचं, कामात असाल."

चहा सोडून बहीण धावत आली. "रोज? अरे दादा, हे मागे चालू असलं तरच वाजतं. रोज सकाळी तू पोरीलाच हाकलत होतास की रे!"

काखेत कळसा नि गावाला वळसा! महाराज स्क्रीनच्या आणखी जवळ सरकले.

"तुझी फार आठवण येते गं," ते म्हणाले. जन्मात पहिल्यांदा.

"काय? आवाज तुटतोय, बाबा. आता महिनाभर नेट नसणार, मग..."

फोन कट झाला. तिनं ऐकलं की नाही, कोण जाणे.

दुसऱ्या सकाळी सगळे आयतोबा गेले, एक राहिला. मशीन रडतखडत चालू लागलं, काढलेली रेघ उशिरा उमटू लागली.

"महिनाभर काही वाजायचं नाही ते," बहीण म्हणाली. "तोवर बंद कर की."

"असू दे," महाराज म्हणाले. "खाऊ दे त्याला मेमरी."